दूरच्या शाखेतला नेटवर्क स्विच जळगावहून हाताळता यावा यासाठी नेमके काय काय करावे लागते?

तापीतीर

नमस्कार मंडळी.

आमच्या शिक्षणसंस्थेचे मुख्य कार्यालय जळगावात आहे आणि चोपडा, रावेर व धडगाव येथे शाखा आहेत. प्रत्येक शाखेत चोवीस पोर्टचे सिस्को कॅटॅलिस्ट २९६० स्विच बसवलेले आहेत, आणि शाखेचा राउटर व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या बंदिस्त, कूटबद्ध वाटेने) मुख्य कार्यालयाच्या राउटरशी जोडलेला आहे. स्विचवरच्या एखाद्या पोर्टचा व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग) बदलायचा असला तरी आज कन्सोल केबल आणि लॅपटॉप घेऊन प्रत्यक्ष जावे लागते. चोपडा आणि रावेर एकवेळ निभते, पण ऐन पावसाळ्यात सातपुड्यातला घाट चढून केवळ एका पोर्टसाठी धडगाव गाठणे मला योग्य वाटत नाही.

सुरुवात चोपड्यापासून केली आहे. तिथे मॅनेजमेंटसाठी व्हीलॅन ९९ वेगळा ठेवलेला असून स्विचचा पत्ता १०.२०.९९.२ आणि राउटरचा १०.२०.९९.१ आहे. चोपड्यातच त्या व्हीलॅनमधल्या संगणकावरून स्विचला टेलनेट (नेटवर्कवरून कमांड देण्याची जुनी पद्धत) लागते. जळगावहून मात्र राउटर पिंगला (पोच तपासणाऱ्या संदेशाला) उत्तर देतो आणि स्विच देत नाही. दोष स्विचमध्ये शोधावा की व्हीपीएनमध्ये, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की हे जुळून आल्यावर टेलनेटवरच काम चालवावे, की एसएसएच (तेच काम कूटबद्ध जोडणीने करणारी पद्धत) बसवण्याचा खटाटोप करावा?

रॅकवाला_भुसावळ

त्याच व्हीलॅनमधून टेलनेट लागते, याचा अर्थ व्हीलॅन ९९ चा इंटरफेस चालू आहे आणि पत्ताही बरोबर आहे. राउटर जळगावहून उत्तर देतो, म्हणजे व्हीपीएनही ठीक दिसते. माझा संशय डिफॉल्ट गेटवेवर, म्हणजे बाहेरची पॅकेट ज्याच्या हाती द्यायची त्या राउटरच्या पत्त्यावर आहे. २९६० हा मुळात लेयर २ चा, म्हणजे आयपी पत्त्याऐवजी उपकरणांचे मॅक (हार्डवेअर) पत्ते पाहून पॅकेट पुढे देणारा स्विच आहे. त्यातून जाणाऱ्या इतर संगणकांच्या वाहतुकीला त्याच्या स्वतःच्या आयपी पत्त्याची गरजच नसते. तो पत्ता फक्त आपल्याला त्याच्याशी बोलता यावे म्हणून असतो, आणि त्या बोलण्यापुरता स्विच हा नेटवर्कवरच्या साध्या संगणकासारखाच वागतो. जळगावचे पॅकेट त्याच्यापर्यंत पोचते, पण उत्तर आपल्या सबनेटबाहेर (आपल्या पत्त्यांच्या गटाबाहेर) कोणाच्या हाती द्यायचे हे त्याला सांगितलेले नसेल तर ते उत्तर निघतच नाही.

कॉन्फिगर टर्मिनलमध्ये जाऊन 'आयपी डिफॉल्ट-गेटवे १०.२०.९९.१' एवढी एक ओळ द्या आणि पुन्हा पिंग करून पाहा.

अमळनेरकर

रॅकवाला भाऊंच्या मताशी मी सहमत नाही. आमच्या अमळनेरच्या कार्यालयातल्या स्विचवर डिफॉल्ट गेटवेची ओळ कधीच नव्हती आणि आजही नाही, तरी तो कित्येक वर्षे धुळ्याहून व्यवस्थित उघडतो. गेटवेशिवाय उत्तर निघतच नसते तर हे शक्य झाले नसते. माझ्या मते व्हीपीएनमध्ये १०.२०.९९.० हे सबनेट परतीच्या बाजूने घातले आहे का, हे आधी तपासावे.

वाघूर

दोघांचेही निरीक्षण खरे असू शकते, आणि त्याचे कारण प्रॉक्सी एआरपी हे आहे.

सिस्कोच्या स्विचवर राउटिंग बंद असेल आणि गेटवेही दिलेला नसेल, तर तो दूरचा पत्ता जणू आपल्याच सबनेटमध्ये आहे असे समजून त्या पत्त्यासाठी एआरपीची ('हा आयपी पत्ता कोणाचा? मॅक पत्ता सांगा' अशी) हाक देतो. खरे तर त्या हाकेला कोणीच ओ द्यायला नको, कारण तो संगणक तिथे नाहीच. पण सिस्कोच्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी मुळातच चालू असते, त्यामुळे राउटर दूरच्या संगणकाच्या वतीने स्वतःचा मॅक पत्ता देतो. स्विच बिनघोर उत्तर पाठवतो आणि गेटवे नसल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. अमळनेरला नेमके हेच चालले असावे.

तापीतीर सर, दोन गोष्टी सांगाल का? चोपड्याचा राउटर अलीकडे बदलला आहे का? आणि जळगावहून पिंग चालू ठेवून, त्याच वेळी चोपड्यातल्या कोणाला तरी स्विचवर 'शो आयपी एआरपी' ही कमांड द्यायला सांगा. जळगावच्या संगणकाच्या पत्त्यासमोर काय दिसते ते इथे लिहा.

तापीतीर

वाघूर ताई, राउटर दिवाळीच्या सुटीत बदलला आहे. जुना सिस्कोचा होता, नवा दुसऱ्या कंपनीचा आहे. जुना राउटर असताना हाच स्विच जळगावहून उघडत असे, असे आधीच्या तंत्रज्ञांनी नोंदवहीत लिहून ठेवले आहे. म्हणूनच माझा रोख व्हीपीएनवर होता.

'शो आयपी एआरपी'मध्ये १०.१०.५.२० या माझ्या संगणकाच्या पत्त्यासमोर मॅकच्या जागी 'इनकम्प्लीट' (अपूर्ण) असे दिसते. राउटरच्या पत्त्यासमोर मात्र मॅक व्यवस्थित आहे.

वाघूर

मग निदान पक्के झाले. जळगावच्या पत्त्यासाठी एआरपी गेली, याचाच अर्थ जळगावचे पॅकेट स्विचपर्यंत पोचले होते. व्हीपीएन निर्दोष आहे. जुना राउटर स्विचची उणीव भरून काढत होता, नवा ती काढत नाही. रॅकवाला भाऊंनी दिलेली ओळ घाला.

पुढे कधी लेयर ३ चा (स्वतः राउटिंग करू शकणारा) स्विच घेतलात आणि त्यावर 'आयपी राउटिंग' चालू केले, तर ही डिफॉल्ट गेटवेची ओळ दुर्लक्षित केली जाते आणि तिच्या जागी शून्य पत्त्याचा डिफॉल्ट रूट लिहावा लागतो, एवढे ध्यानात असू द्या. जुन्या स्विचचे कॉन्फिगरेशन नव्यावर उतरवताना संपर्क तुटतो तो बहुधा इथेच.

अमळनेरकर

आमच्याकडे तपासले. धुळ्याच्या प्रत्येक पत्त्यासमोर एकच मॅक दिसतो आहे आणि तो आमच्या राउटरचा आहे. ताईंचे म्हणणे तंतोतंत जुळले. राउटर बदलण्याची वाट न पाहता गेटवेची ओळ आजच घातली आहे.

प्रयोगशाळा_शिक्षक

तापीतीर सरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मी तंत्रनिकेतनात नेटवर्किंग शिकवतो आणि माझे मत निःसंदिग्ध आहे: एसएसएचच बसवावे. टेलनेटमध्ये तुम्ही दाबलेले प्रत्येक अक्षर, पासवर्डसह, उघडे जाते. तुमच्या शाखा म्हणजे महाविद्यालये आहेत. वायरशार्क या प्रोग्रामने पॅकेट पकडणे हा प्रयोग आमचे विद्यार्थी वर्गातच करतात, आणि टेलनेटचा पासवर्ड त्यात वाचता येतो हे आम्हीच त्यांना दाखवतो. अशा मुलांच्या नेटवर्कवर टेलनेट ठेवणे हा त्यांच्यावर आणि संस्थेवर, दोघांवर अन्याय आहे.

पांझरा

सर, आदर ठेवून वेगळे मत मांडतो. मॅनेजमेंटचा व्हीलॅन वेगळा आहे, त्यात विद्यार्थ्यांचा एकही पोर्ट नाही आणि शाखांमधला मार्ग व्हीपीएनने गुंडाळलेला आहे. मग टेलनेटचे उघडे अक्षर वाचणार कोण? याउलट जुन्या स्विचवर एसएसएच बसवले की नव्या संगणकावरून ते उघडताना कटकट होते. माझ्याकडे धुळ्यात विंडोज अद्ययावत केल्यानंतर जुन्या स्विचशी जोडताना 'की एक्स्चेंजची (कूटलेखनाच्या किल्ल्या ठरवण्याची) पद्धत जुळत नाही' असा संदेश येऊन जोडणीच झाली नाही. संकटाच्या वेळी स्विच उघडला नाही तर त्या सुरक्षिततेचा उपयोग काय?

गिरणाकाठ

पांझरा भाऊ, वेगळा व्हीलॅन ही भिंत चांगलीच आहे, पण ती एका चुकीच्या केबलने मोडते. कोणी मॅनेजमेंटच्या पोर्टला प्रयोगशाळेतला छोटा हब (आलेले पॅकेट सर्व पोर्टवर पाठवणारा डबा) जोडला की भिंत संपली.

एसएसएचचा जन्मच अशा प्रसंगातून झाला आहे. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार उघडकीस आला आणि तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिले. ते विद्यापीठाचे आतले नेटवर्कच होते. टेलनेटचा पोर्ट (इथे सेवेचा क्रमांक, स्विचवरची केबलची जागा नव्हे) २३ आणि फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा २१ असल्यामुळे त्यांनी मधला २२ मागून घेतला आणि तो त्यांना मिळाला.

दुसरी बाब केवळ पासवर्डची नाही. मार्च २०१७ मध्ये विकिलीक्सने उघड केलेल्या कागदपत्रांतून सिस्कोच्या ३०० हून अधिक स्विच-मॉडेलांमधला एक दोष बाहेर आला. त्यात टेलनेट चालू असलेल्या स्विचचा पूर्ण ताबा पासवर्डशिवाय घेता येत होता. दुरुस्त सॉफ्टवेअर येईपर्यंत टेलनेट बंद ठेवा, असाच सल्ला कंपनीने दिला होता. पासवर्ड कोणी वाचो वा न वाचो, टेलनेटचे दार उघडे असणे हाच तिथे धोका होता.

जुन्या आणि नव्याच्या न जुळण्यावर उपाय आहे. नव्या ओपनएसएसएचने (संगणकावरच्या एसएसएच प्रोग्रामने) एसएचए-१ या आता कच्च्या ठरलेल्या हॅशवर आधारलेल्या जुन्या पद्धती टप्प्याटप्प्याने बंद केल्या. पण आपल्या संगणकावरच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या एका स्विचच्या नावापुढे जुनी पद्धत मान्य असल्याचे लिहिता येते. सगळ्यांसाठी ती सवलत देऊ नये. स्विचवर अद्ययावत सॉफ्टवेअर चढवता आले तर तेच उत्तम.

पांझरा

२०१७ चा तपशील मला ठाऊक नव्हता. टेलनेट पूर्ण बंद करण्याचा मुद्दा मान्य करतो. एकाच स्विचपुरती सवलत लिहिण्याची रीतही उद्याच करून पाहतो.

तापीतीर

गेटवेची ओळ घातल्याबरोबर चोपड्याचा स्विच जळगावहून उघडला. सर्वांचे मनापासून आभार. आता एसएसएच बसवायचे ठरवले आहे. क्रम कसा ठेवावा, म्हणजे मध्येच दार बंद होणार नाही?

रॅकवाला_भुसावळ

आधी 'शो व्हर्जन' देऊन सॉफ्टवेअरच्या फाइलचे नाव पाहा. त्यात 'के ९' ही अक्षरे असतील तरच एसएसएचसाठी लागणारे कूटलेखन त्यात आहे. ती नसतील तर 'क्रिप्टो' ही कमांडच स्विच ओळखणार नाही.

ती असतील तर प्रथम स्विचला नाव द्या. मुळातले 'स्विच' हे नाव ठेवून किल्ली तयार होत नाही, कारण किल्लीचे नाव होस्टनेम आणि डोमेन-नेम या दोहोंवरून घेतले जाते. 'होस्टनेम चोपडा-एसडब्ल्यू१' आणि 'आयपी डोमेन-नेम' यांच्या ओळी झाल्या की 'क्रिप्टो की जनरेट आरएसए' द्या आणि लांबी विचारली की २०४८ सांगा. एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीला किमान ७६८ बिट लागतात, पण आज २०४८ पेक्षा कमी ठेवण्याचे काहीच कारण नाही. जुन्या स्विचला याला थोडा वेळ लागतो, घाबरून मध्येच बंद करू नका. त्यानंतर 'आयपी एसएसएच व्हर्जन २' द्या. ही ओळ नसेल तर 'शो आयपी एसएसएच'मध्ये १.९९ असा आकडा दिसतो, म्हणजे पहिली, कच्ची आवृत्तीही चालू आहे असे समजावे.

मग स्वतःच्या नावाने युजर तयार करा आणि त्याला 'पासवर्ड' शब्दाऐवजी 'सिक्रेट' शब्दाने गुप्तशब्द द्या. 'एनेबल सिक्रेट'ही (बदल करण्याच्या पूर्ण अधिकाराचा पासवर्ड) याच वेळी तपासा, कारण तो दिलेला नसेल तर दूरून लॉगिन होते पण एनेबलच्या पायरीवर स्विच अडवतो, आणि पुन्हा कन्सोल केबल घेऊन निघावे लागते. शेवटी 'लाइन व्हीटीवाय'मध्ये (नेटवर्कवरून लॉगिन येण्याच्या ओळींमध्ये) जाऊन 'लॉगिन लोकल' आणि त्यानंतर 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' द्या.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या टेलनेटच्या खिडकीतून हे करत आहात ती बंद करू नका. दुसरी खिडकी उघडून एसएसएचने आत जाऊन, एनेबलपर्यंत पोचून खात्री करा आणि मगच कॉन्फिगरेशन जतन करा. चालू असलेली जोडणी नव्या नियमाने तुटत नाही, त्यामुळे चुकले तरी पहिल्या खिडकीतून परतता येते.

अमळनेरकर

एक पुरवणी. २९६० वर व्हीटीवायच्या ओळी ० ते १५ अशा सोळा असतात, पण कॉन्फिगरेशनमध्ये त्या ० ते ४ आणि ५ ते १५ अशा दोन तुकड्यांत दिसतात. बरेच जण पहिल्या तुकड्यावरच नियम लावतात आणि दुसरा तुकडा जुन्याच स्थितीत राहतो. 'लाइन व्हीटीवाय ० १५' असे एकत्रच लिहावे.

प्रयोगशाळा_शिक्षक

त्याच ओळींवर 'अ‍ॅक्सेस-क्लास'ही लावावा, म्हणजे जळगावच्या ठरावीक संगणकांखेरीज कोणालाही लॉगिनचा प्रश्नसुद्धा विचारला जाणार नाही. तापीतीर सरांच्या बाबतीत १०.१०.५.० या सबनेटला परवानगी देणारी अ‍ॅक्सेस-लिस्ट आधी लिहून, ती 'शो अ‍ॅक्सेस-लिस्ट'मध्ये डोळ्यांनी वाचून, मग ती 'इन' दिशेने लावावी. यादीच्या शेवटी न लिहिलेला नकार असतोच. चोपड्यात एखादा स्थानिक संगणक आपत्तीच्या वेळी लागणार असेल तर त्याचाही पत्ता यादीत असू द्या.

केळीपट्टा

मंडळी, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण याच विषयातला आहे. रावेर परिसरात आमची केळीची रायपनिंग चेंबर (फळ पिकवण्याच्या खोल्या) आहेत. चेंबरचे तापमान साधारण १६ ते १८ अंशांमध्ये ठेवावे लागते. ते १३ अंशांखाली गेले तर केळीची साल काळपट पडते आणि भाव पडतो. वाढले तर फळ ठरल्या दिवसाआधी पिकते. कंट्रोलर आणि कॅमेरे एका वेब पानावरून चालणाऱ्या छोट्या मॅनेज्ड स्विचवर जोडले आहेत. तो स्विच आणि कंट्रोलर घरून पाहता यावेत म्हणून इंटरनेट देणाऱ्याने राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवण्याची सोय) करून दिले, पण बाहेरून काहीच उघडत नाही. साधे ब्रॉडबँड आहे, लीज्ड लाइन नाही.

गिरणाकाठ

दादा, तुमच्या राउटरच्या बाहेरच्या बाजूला कोणता पत्ता दिसतो ते पाहा. तो १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर तो पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांमध्ये वाटून घेण्यासाठी राखलेल्या भागातला आहे. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता कंपनीच्या यंत्रावर असतो आणि तिथे तुमच्यासाठी पोर्ट उघडलेला नसतो. तुमच्या राउटरवर कितीही फॉरवर्डिंग केले तरी बाहेरचे पॅकेट तुमच्यापर्यंत येणारच नाही.

आणि ते उघडत नाही हे तुमच्या हिताचेच आहे. स्विचचे वेब पान थेट इंटरनेटवर ठेवू नये, मग तो स्विच कितीही नामांकित कंपनीचा असो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्याच आयओएस एक्सई या प्रणालीच्या वेब पानात असा दोष सापडला की बाहेरच्या माणसाला सर्वोच्च अधिकाराचा युजर स्वतःच तयार करून घेता येत होता, आणि जगभर हजारो उपकरणे त्या पानावाटे ताब्यात घेतली गेली. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेल्या पासवर्डांच्या आधारे, टेलनेटवरूनच काबीज केले होते. तुमच्याकडे कॅमेरेही आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मार्ग असा आहे की जोडणी आतून बाहेर करावी. वायरगार्ड (एक प्रकारचे व्हीपीएन) चालणारा एखादा छोटा राउटर चेंबरच्या ठिकाणी ठेवा आणि स्थिर पत्ता असलेला लहानसा भाड्याचा सर्व्हर घ्या. चेंबरचा राउटर स्वतःहून त्या सर्व्हरशी बोलत राहील आणि तुमचा फोन किंवा लॅपटॉपही त्याच सर्व्हरशी जोडला जाईल. चेंबरच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर काही वेळ शांतता राहिली की कंपनीचे यंत्र ती वाट विसरते आणि बाहेरून पोचता येत नाही. स्विचचे वेब पान फक्त त्या व्हीपीएनच्या आतूनच उघडेल अशी व्यवस्था करा.

केळीपट्टा

पत्ता १०० नेच सुरू होतो. आता सगळे समजले. वायरगार्डचा राउटर पाहतो. फॉरवर्डिंग काढून टाकायला आजच सांगतो.

सातपुडा_पायथा

दूरून पोचता येण्याचा आणखी एक लाभ इथे कोणी लिहिलेला नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ, रावेर या पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो आणि स्विचचे रॅक बहुधा जिन्याखाली किंवा पत्र्याच्या खोलीत असतात. बऱ्याच कार्यालयीन स्विचच्या माहितीपत्रकात ४५ अंशांपर्यंतच्याच हवेची हमी असते, आणि बंद रॅकमधली हवा खोलीपेक्षा गरम असते. ज्या मॉडेलमध्ये सोय आहे तिथे 'शो एन्व्ह टेंपरेचर' या कमांडने आतली स्थिती कळते. भर उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास प्रत्येक शाखेचा स्विच उघडून हे पाहावे. पंखा बंद पडला असेल तर स्विच बंद पडण्याआधी कळते.

रॅकवाला_भुसावळ

सातपुडा भाऊ, फार उपयोगाचे लिहिलेत.

तापीतीर सर, दार उघडल्यानंतरची काळजी आता सांगतो, कारण दूरून काम करताना माणूस ज्या फांदीवर बसला आहे तीच कापण्याची शक्यता असते. राउटरकडे जाणाऱ्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर) नवा व्हीलॅन घालायचा असेल तर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड' असे लिहावे लागते. त्यातला 'अ‍ॅड' राहिला तर जुनी सगळी यादी पुसून फक्त नवा व्हीलॅन उरतो. व्हीलॅन ९९ त्या क्षणी ट्रंकवरून नाहीसा होतो आणि तुमची जोडणीही जाते.

म्हणून ट्रंक, मॅनेजमेंटचा पत्ता, गेटवे किंवा अ‍ॅक्सेस-लिस्ट यांपैकी कशालाही हात लावण्याआधी चालू कॉन्फिगरेशन जतन करा आणि मग 'रीलोड इन १०' द्या. दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीबूट होईल आणि जतन केलेल्या जुन्या कॉन्फिगरेशनवर परत येईल. बदल नीट झाला आणि तुम्ही आतच असाल, तर 'रीलोड कॅन्सल' देऊन मग जतन करा. मात्र ही दहा मिनिटे चालू असताना जतन करण्याची कमांड देऊ नका, नाहीतर रीबूटनंतर चुकलेले कॉन्फिगरेशनच परत येईल. परीक्षेच्या वेळी किंवा ऑनलाइन प्रवेश चालू असताना हे करू नये, हे सांगायला नकोच.

वाघूर

युजरबद्दल दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. सर्व शाखांच्या सर्व स्विचवर 'अ‍ॅडमिन' हे एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवण्याची रीत आपल्या संस्थांमध्ये सर्रास आहे. कंत्राटी तंत्रज्ञ काम सोडून जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. दूरून प्रवेश नव्हता तोपर्यंत त्याला रॅकपर्यंत यावे लागत होते, आता तेही लागणार नाही. प्रत्येक माणसाच्या नावाचा वेगळा युजर असावा आणि माणूस गेला त्या दिवशी तो युजर काढावा. स्विचची संख्या वाढली की हे हाताने होत नाही; मग रेडियस सर्व्हर (सर्व स्विचची लॉगिन एकाच ठिकाणी तपासणारा) बसवावा आणि तो बंद पडल्यास उपयोगी यावा म्हणून स्विचवर एक स्थानिक युजर राखून ठेवावा.

'सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन' ही ओळ घातली की पासवर्ड सुरक्षित झाला असे समजू नये. ती सातव्या प्रकारची लपवणूक सहज उलगडता येते, म्हणूनच रॅकवाला भाऊंनी 'सिक्रेट' लिहायला सांगितले आहे.

घड्याळही लावून घ्या. 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' आणि एनटीपी (वेळ जुळवून देणाऱ्या) सर्व्हरचा पत्ता दिला नाही, तर कोणी केव्हा लॉगिन केले या नोंदींवरची वेळ निरर्थक ठरते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस सांभाळणे आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे अपेक्षित आहे. स्विचच्या आतल्या आठवणीतल्या नोंदी रीबूटबरोबर पुसल्या जातात, त्यामुळे त्या जळगावच्या सिसलॉग (नोंदी साठवणाऱ्या) सर्व्हरकडे पाठवा.

पांझरा

वाघूर ताईंच्या प्रतिसादाला +१. एकच पासवर्ड सगळीकडे असण्याची अडचण धुळ्यातही तशीच आहे.

तापीतीर

चोपडा आणि रावेर ही दोन्ही ठिकाणे आता जळगावहून एसएसएचने उघडत आहेत. टेलनेट बंद केले आहे, सोळाही ओळींवर अ‍ॅक्सेस-क्लास लावला आहे, वेब पानही 'नो आयपी एचटीटीपी सर्व्हर' आणि त्याचीच 'सिक्युअर' जोडओळ देऊन बंद केले आहे. रावेरला ट्रंकवर व्हीलॅन वाढवताना 'रीलोड इन'चा आधार घेतला.

धडगाव मात्र अडले आहे. तिथल्या सहकाऱ्यांनी 'शो व्हर्जन'चे छायाचित्र पाठवले. फाइलच्या नावात 'के ९' नाही. ज्या शाखेसाठी हा सगळा विचार सुरू केला, तिथेच एसएसएच नाही. नवीन स्विचला या आर्थिक वर्षात मंजुरी मिळणार नाही. तिथे टेलनेट ठेवण्याची माझी तयारी नाही. काही सुचवू शकाल का?

गिरणाकाठ

टेलनेट ठेवू नका, तुमचा निर्णय योग्य आहे. तिथे एखादा जुना पण धड संगणक आहे का? त्यावर लिनक्स घालून तो रॅकजवळ ठेवा, यूएसबी-सिरियल केबलने तो स्विचच्या कन्सोल पोर्टला जोडा आणि जळगावहून एसएसएचने त्या संगणकात शिरा. आतून 'स्क्रीन' किंवा 'मिनिकॉम' वापरून, ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट या नेहमीच्या मापांवर कन्सोल उघडेल. स्विचवर व्हीटीवायच्या ओळींना 'ट्रान्सपोर्ट इनपुट नन' द्या, म्हणजे नेटवर्कवरून आत येण्याचे दारच उरणार नाही.

याचा एक मोठा फायदा आहे. एसएसएच स्विचच्या आयपी पत्त्यावर अवलंबून असते, कन्सोल नसतो. व्हीलॅन ९९ गेला, गेटवे चुकला, अगदी स्विच रीबूट होत असतानाचे संदेशसुद्धा तुम्हाला जळगावहून वाचता येतील.

वाघूर

फक्त तो संगणक त्याच स्विचच्या पोर्टमधून नेटवर्कला जोडू नका, नाहीतर स्विच बिघडला की त्याच्याकडे जाण्याची वाटही बिघडेल. राउटरच्या लॅन पोर्टला तो थेट जोडा आणि त्या संगणकावर लॉगिन पासवर्डाऐवजी किल्लीनेच होईल असे ठेवा.

तापीतीर

राउटरवर एक लॅन पोर्ट मोकळा आहे आणि प्रयोगशाळेतून बाद केलेला एक संगणक चालू स्थितीत आहे. मग धडगावची ही फेरी करायलाच हवी. निघताना सोबत काय काय घ्यावे?

रॅकवाला_भुसावळ

यूएसबी-सिरियल केबल चांगल्या चिपची घ्या आणि निघण्यापूर्वी जळगावातच त्याच संगणकावर, त्याच लिनक्सवर दुसऱ्या एखाद्या स्विचला लावून चालवून पाहा. जोडीला एक जादा कन्सोल केबल घ्या. धडगावला विजेचा लपंडाव असतो, म्हणून संगणकाच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर तो आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा आणि ती मुख्य बटण बंद-चालू करून प्रत्यक्ष तपासा. तिथे पोचल्यावर सगळे जोडून झाले की लगेच परत निघू नका. जळगावच्या कार्यालयातल्या कोणाला तरी फोन करून त्याच्याकडून कन्सोल उघडून घ्या, एनेबलपर्यंत जाऊ द्या, आणि त्याने 'शो रनिंग-कॉन्फिग' वाचून दाखवल्यावरच रॅकला कुलूप लावा.